थोरल्याने बसवलेला ट्यूनर

गाड्यांना हाताने जुळवायचे कार्ब्युरेटर होते तोवर त्या गॅरेजमध्ये थोरल्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हते. वडील अचानक गेले तेव्हा त्याने शाळा सोडून पाना हातात घेतला, धाकट्या भावाला तांत्रिक शिक्षण दिले, आणि तो शिकून परतल्यावर गॅरेज त्याच्याच नावावर केले. शिकलेल्याचे नाव असले की गिऱ्हाईक बिचकत नाही, हे तर्कशास्त्र थोरल्याचेच. आपण उपकार केले असे तो कधी बोलला नाही. न बोललेले उपकार कुटुंबे फार काळ लक्षात ठेवत नाहीत.

पुढे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. पेट्रोल किती सोडायचे हे गाडीतला छोटा संगणक ठरवू लागला आणि त्या संगणकाशी बोलणारे यंत्र धाकट्याच्या टेबलावर आले. थोरल्याला कोणी इंजिनापासून दूर हो म्हटले नाही. फक्त दर वेळी त्याच्यासाठी दुसरे काही तरी निघे: पंक्चर, चेन, धुलाई. माणसाला हटवण्याची ही सभ्य रीत आहे. तिच्यात हटवणाऱ्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही आणि हटणाऱ्याला भांडायला जागा सापडत नाही. घरी बायको विचारी, आज काय केलंत. तो म्हणे, बरंच काही.

औषधे विकत गावोगाव फिरणाऱ्या एका गिऱ्हाइकाने हौसेने मोटारसायकलला नवा, मोकळा सायलेन्सर लावला होता. तेव्हापासून गाडी चढावर खोकत होती. धाकटा त्याला म्हणाला होता की शरीर पैलवानाचं केलंत आणि खुराक फकिराचा ठेवलात. उपाय म्हणून ट्यूनर मागवला गेला. साबणाच्या वडीएवढा हा डबा इंजेक्टर आणि त्याची वायर यांच्यामध्ये बसतो आणि त्याची बटणे दाबून पेट्रोल वाढवता येते.

डबा आला तेव्हा थोरला टायरचा पाना खाली ठेवून उठला. "हा मी बसवतो."

"दादा, पंक्चरवाले थांबलेत."

"पंक्चर काही पळून जात नाही."

धाकटा हसला आणि डबा त्याच्या हातात दिला. नाही म्हणायला पंक्चरखेरीज दुसरे निमित्त त्या क्षणी त्याच्याकडे नव्हते.

थोरल्याने सीट काढली, टाकी उचलली, इंजेक्टरचा जोड सोडवून मध्ये डबा जोडला, त्याची काळी वायर बॅटरीच्या टोकाला घट्ट आवळली. चौकटीला घासू नयेत म्हणून सगळ्या वायरी बांधून घेतल्या. काम इतके नेटके होते की धाकट्याने त्यावरून नुसता हात फिरवला. एकच वस्तू उरली: टोपणासारखा छोटा प्लग. सायलेन्सरमधला सेन्सर बाहेर पडणाऱ्या धुराचा वास घेऊन पेट्रोल जास्त झाले की कमी, हे संगणकाला कळवतो. त्या सेन्सरची वायर सोडवून तिच्या जागी हे टोपण लावायचे होते. थोरल्याने ते बाजूला ठेवले. कंपनीने बसवलेला भाग निकामी करायचा नाही, उघडी वायर सोडणारा कारागीर नव्हे, हे वडिलांनी त्याला शिकवले होते. त्या शिकवणीवर तो आयुष्यभर जगला होता आणि तिने त्याला कधी दगा दिला नव्हता.

मग टाकीला कान लावून त्याने बटणे दाबली. इंजिनाचा आवाज भरत गेला. गिऱ्हाईक चढावर चक्कर मारून आले आणि धाकट्यासमोर म्हणाले की हात सोन्याचा आहे. थोरला आत हात पुसत होता. त्याने ते ऐकले. त्या दिवशी जेवताना तो ट्यूनरबद्दल बोलतच राहिला. बायकोला त्यातले काही कळले नाही. नवरा किती काळाने बोलतो आहे, एवढे कळले.

थोड्याच दिवसांत खोकला परतला. गिऱ्हाईक गाडी सोडून गेल्यावर थोरल्याने पेट्रोल आणखी वाढवले. सेन्सरला धूर दाट वाटला की संगणक पेट्रोल तोडे. इंजिन उपाशी वाटले की थोरला ते वाढवी. एका इंजिनाला दोन धनी झाले होते, आणि दुसरा कोण हे त्याला ठाऊक नव्हते. शेवटी स्पार्क प्लग काजळीने काळाठिक्कर झाला आणि गाडी भर चौकात बंद पडली. गिऱ्हाईक ती ढकलत, घामाघूम होऊन, शिव्या घालतच आले.

धाकट्याने यंत्र लावले, आकडे पाहिले, वाकून सेन्सरची वायर चाचपली आणि क्षणभर थोरल्याकडे पाहिले. बाजूला ठेवलेले टोपण आठवून थोरला पुढे झाला, तेवढ्यात धाकटा बोलला: डबाच सदोष निघाला, उद्या दुसरा बसवून देतो. गिऱ्हाईक शांत होऊन गेले.

"डबा चांगला आहे," थोरला म्हणाला. "चुकलो मी."

"जाऊ दे दादा. सांभाळून घेतलं ना."

"नको सांभाळूस. उद्या तो आला की मी सांगतो. बसवला मी, चुकलो मी."

धाकटा यंत्राची वायर गुंडाळत राहिला. "त्याला वाटतंय मी बसवला. तेव्हाच तसं सांगितलं होतं. नाहीतर त्यानं गाडी इथं सोडली नसती."

सोन्याचा हात कोणाचा म्हटला गेला होता, हे थोरल्याला आता कळले. माणसाचे कौतुक दुसऱ्याने घेतले तर त्याला निदान चोरी म्हणता येते. चूकही दुसऱ्यानेच घेतली, आणि तीही प्रेमाने, तर तक्रार कोणाची करायची?

दुसऱ्या दिवशी धाकट्याने तोच डबा पुसून नवा म्हणून दाखवला, टोपण लावले, आकडे बसवले. गाडी सुरेख चालू लागली. थोरला शेजारीच उभा होता. खरे बोलावे तर भाऊ स्वतःच्याच दारात खोटा ठरत होता. न बोलावे तर या गाडीला आपला हात लागलाच नव्हता. त्याने तोंड उघडलेही.

"काका," गिऱ्हाईक त्याच्याकडे वळून म्हणाले, "मोकळेच आहात तर जरा चाकात हवा भरता?"

थोरला खाली बसला. "पुढच्यात किती भरू?" त्याने विचारले.