येऊन राहिले

मुलांनो, माझ्या कपाटातली निळी फीत कसली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तुमच्या आजोबांची बदली नागपूरपलीकडच्या सौंसरला झाली आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे तिथली बोली मला अर्धीच कळायची. शाळेत गणित शिकवणारी बाई माझी मैत्रीण झाली. तिच्या वडिलांची एक पांढरी घोडी होती. रोज संध्याकाळी ते तिला फिरवायला नेत. त्यांना डाव्याच कानाने ऐकू यायचं, म्हणून ते नेहमी घोडीच्या उजव्या बाजूने चालत. तिचा श्वास ऐकू यायला हवा, म्हणत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

मैत्रिणीच्या काकांना घोडी विकायची होती. तिच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला तिकडे आसूढाळ म्हणतात. अशी घोडी मालकाला रडवते, असा समज.

“भाऊ तं गेला,” काका म्हणाले. “आता कोनाचा नंबर लावून राहिली, पोरी? तुया का माया?”

“तुमचाच लावते, काका. तुम्ही मोठे ना!”

काका हसले, पण ऐकलं नाही. शेवटी एवढं ठरलं: शेजारच्या गावच्या बाजारात घोड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. घोडी पहिली आली तर राहील, नाहीतर तिथूनच गिऱ्हाइकाबरोबर जाईल.

मग आम्ही दोघी शाळा सुटली की तयारीला लागायचो. घोडी हाताने धरून चालवायची, मग परीक्षकासमोर कान टवकारून स्थिर उभी करायची. परीक्षक मी. घोडी चालायला तयारच नसे. मग मैत्रीण तिच्या मानेवर हात ठेवून म्हणायची, “थांब बेटा, बाबा येऊन राहिले.” लगेच घोडीचे कान ताठ होत आणि ती चालू लागे.

एकदा मी तिला म्हटलं, “बाबा येऊन राहिलेत, असं सांगून तू तिला फसवतेस. कुठे राहिलेत ते?”

ती खूप हसली. “अहो ताई, तुमची पुणेरी मराठी! येऊन राहिले म्हणजे येत आहेत. आले नाहीत अजून. आई म्हणायची तिला असं, बाबांना घरी यायला उशीर झाला की.”

मीही हसले. घरी जाताना मात्र ‘अजून’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

प्रदर्शनाच्या सकाळी बाजाराच्या मैदानावर धुकं होतं. आमची पाळी आली. मैत्रिणीने डाव्या बाजूने लगाम धरला, पण भोंग्याच्या आवाजाने घोडी जागची हलेना. लोक ओरडू लागले, “ओ बाई, खडू दाखवा तिले!” मैदानाभोवती बांधलेल्या दोराजवळ काका गिऱ्हाईक घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर ते वाक्य बोलायला ती कचरत होती. शेवटी बोललीच.

घोडीचे कान उठले. ती मैदानापलीकडच्या मोकळ्या शेताकडे पाहू लागली. मीही पाहिलं. शेतात कोणी नव्हतं. पण घोडीची मान हळूहळू वळत गेली, एखाद्याच्या चालीने वळावी तशी. शेतापासून दोरापर्यंत, दोरापासून अगदी स्वतःच्या उजव्या खांद्यापर्यंत. मग ती मैत्रिणीकडे जराशी सरकली, उजवीकडे जागा करून दिल्यासारखी, आणि चालू लागली. तशी चाल मी तयारीत एकदाही पाहिली नव्हती.

परीक्षक म्हातारे गृहस्थ होते, परगावचे. घोडी उभी राहिल्यावर ते तिच्याभोवती फिरले. डावीकडून अगदी अंगाला लागून गेले. उजवीकडे आल्यावर मात्र लांबून वळसा घातला, मध्ये कोणी उभं असावं तसा. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नसावं. मी काकांकडे पाहिलं, तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

नंबर दुसरा आला. “चाल पहिल्या नंबराची आहे, बाई,” परीक्षक म्हणाले, “पण हा भोवरा...”

मैत्रिणीने लगाम काकांपुढे धरला. गिऱ्हाइकाने हात पुढे केला.

काका त्याला म्हणाले, “जाय बावा तू. नाही इकत.”

“काहून? दुसरा नंबर आला ना! ठरलं होतं आपलं.”

“तिचा मालक येऊन राहिला अजून. म्या कोन इकनारा?”

मैत्रिणीने दुसऱ्या नंबराची निळी फीत माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “घोडी माझ्याकडे, फीत तुमच्याकडे.”

आम्ही सौंसरच्या रस्त्याला लागलो. ती घोडीच्या डावीकडून चालत होती, मी तिच्या मागे. काका पलीकडून चालत होते. उजव्या बाजूला रस्ता चांगला मोकळा होता, तरी ते खाली कडेच्या गवतात उतरले आणि घोडीशेजारची जागा सोडून, काटेकुटे तुडवत, तसेच घरापर्यंत आले.