आधी नाव, मग तिखटमीठ

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा हॉटेलात दुपारच्या जेवणाची गर्दी होती. त्याच्या धाकट्या भावाला मी "एक मिनिट" म्हणालो, दोन थाळ्या बाहेर पाठवल्या आणि मग भटारखान्यातच तांदळाच्या पोत्यावर बसलो. हृदयविकाराचा झटका, साकोलीच्या घरीच... दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि चूक माझी होती.

हॉटेल मॅनेजमेंटला आम्ही नागपुरात एकत्र होतो. मी हॉटेलात चिकटलो. तो मात्र चांगली नोकरी सोडून गावी परतला आणि त्यानं भलताच धंदा काढला. आमच्यासारख्या शेफना, हॉटेलमालकांना गाडीत घालायचं आणि भंडारा जिल्ह्यातल्या चुलींपुढे नेऊन बसवायचं! तलावावर मासोळी निघताना पाहायची, धानाच्या बांधावरून चालायचं, मग कुणाच्या तरी घरी बसून शिकायचं. नियम एकच, आणि त्यात दयामाया नाही. वहीत पहिल्या ओळीवर रांधणारीचं नाव, तिखटमीठ त्याच्या खाली. पुण्याच्या एका बड्या शेफनं नाव न विचारताच मसाला टिपायला घेतला, तर त्याची वही मिटून हा म्हणाला, "सायेब, बाईचं नाव विचारा ना आधी. मसाला कुठं पळून जाऊन राहिला?"

मीही कारध्याच्या कौसल्याबाईंचं नाव वहीत असंच पहिल्या ओळीवर लिहिलं होतं. नवरा वैनगंगेत जाळं टाकणारा, आणि बाईंच्या हातची भाजलेल्या जवसाच्या वाटणातली मासोळी... खाऊन मी ताट पुन्हा पुढे केलं. सहा महिन्यांत ती माझ्या मेनूवर आली, 'शेफची खास मासोळी' म्हणून. गाजलीही. कौतुक मी मान खाली घालून, नम्रपणे वगैरे स्वीकारत होतो. एक दिवस दिवाकर न सांगता आला, ताट चाटूनपुसून जेवला आणि मला बोलावलं.

"जमली बे. बाईचं नाव काहून नाही टाकलं?"

"गिऱ्हाईकाले काय करायचं हाये तिच्या नावाशी?"

"मंग हेच तिले जाऊन सांग."

मी गेलो नाही. पुढच्या सहलींना त्यानं मला बोलावलं नाही, आणि मीही अकडून बसलो.

दिवाकरची तेरवी झाल्यावर एकदाचा कारध्याला गेलो. कौसल्याबाई अंगणात मासे साफ करत होत्या. माफीसाठी मी शब्द जुळवत होतो, तोवर त्या मला आत घेऊन गेल्या. चुलीमागच्या भिंतीला माझ्याच हॉटेलचं मेनूकार्ड चिकटवलेलं होतं, धुरानं पिवळं पडलेलं. 'शेफची' हा शब्द खोडून वर निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'कौसल्याबाईंची'. अक्षर दिवाकरचं. त्याच्या वह्या उतरवून मी कॉलेजात पास झालो, ते अक्षर कसा विसरेन?

"तुमीनं सोताच्या हातानं लिवून देलं म्हने," बाई म्हणाल्या.

मी खरं काय ते सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या.

"मले तवाच समजलं होतं, भाऊ. खोटं बोलता बोलता दिवाकरभाऊचे कान लाल होऊन राहिले होते. पन ते म्हनाले, तो येईन. म्हून लावून ठेवलं म्या."

परवा नवीन मेनूकार्ड छापून आलं. त्यावर बाईंचं नाव आहे. पहिलं कार्ड मी स्वतः कारध्याला नेलं आणि जुनं काढून तिथं लावायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. ते भाऊच्या हातचं हाये."