नानांचं हार्वर्ड बावन्न मिनिटांनी परत आलं

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी माझ्यासमोर कुणी काढल्या की मी उठून चहा टाकायला जाते. भुसावळला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांच्या पश्चात मीच चालवते. तारेत करंट आहे की नाही हे मल्टीमीटर सांगतो आणि माझा विश्वास तेवढ्यावरच. त्यामुळे विमानवेड्यांच्या या ग्रुपवर हे लिहावं की नाही, यात माझे दोन महिने गेले.

इथे कुणी जुन्या डकोटा विमानात बसल्याचं लिहितं, कुणी एअर शोमधलं स्पिटफायर पाहून रडल्याचं. मी आजवर दोनदाच विमानात बसलेय, तेही खिडकीची सीट न मिळता. माझं उडणं म्हणजे रिमोटवरची मॉडेल्स. जळगावचे रफिकभाई फर्निचरचे कारागीर, ते हलक्या बाल्सा लाकडाचे पंख घडवतात, मोटार मी स्वतः गुंडाळते. आमच्या दोघांच्या घरच्यांच्या मते आम्ही वाया गेलेली माणसं आहोत... असो.

नाना म्हणजे माझे मोठे काका. वय एकोणऐंशी, राहणार शिंदखेडा. तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते, हार्वर्डवर — ते पिवळं, एका पंख्याचं, कर्कश आवाजाचं ट्रेनिंगचं विमान. विमानांचं वेड मला त्यांनीच लावलं. गावाकडे सुट्टीत गेले की सगळी दुपार ओट्यावर बसून ते इंजिनाच्या गोष्टी सांगायचे. सगळी दुपार, कारण नाना दुपारी झोपत नसत. कधीच नाही. ताप असला तरी खुर्चीत ताठ.

त्याचं कारण मला खूप उशिरा कळलं. हवाई दलातल्या त्यांच्या मेकॅनिकांत एक रीत होती. विमान उभं असताना चाकांना लाकडी ठोकळे लावतात, ते उडायच्या आधी ज्याने काढले, त्यानेच विमान परत आल्यावर लावायचे. तोवर जागा सोडायची नाही. नाना तेव्हा पूर्वेकडच्या एका तळावर होते. एका दुपारी त्यांनी ठोकळे काढले, बावीस-तेवीस वर्षांच्या पायलटला अंगठा वर करून दाखवला, सॅल्यूट केला. रात्रपाळी करून आले होते, डोळे मिटत होते. विमानाला यायला तासभर होता, म्हणून सोबत्याला सांगून जरा आडवे झाले... विमान ढगात शिरलं ते परत आलंच नाही. कारण कळलं नाही, सापडलंही नाही. नानांना कुणी एका शब्दाने दोष दिला नाही, द्यायचं कारणच नव्हतं. पण ते मनातून जाईना. आपण जागेवर असतो तर आलं असतं, असं त्यांना वाटायचं. वेडेपणाच की! मी त्यांना तसं तोंडावर म्हटलंय, एकदा नाही, दहादा.

यंदा डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, लवकर करा म्हणाले. नाना हटून बसले. काकूने रडून पाहिलं, मी भांडून पाहिलं. त्यांचं अहिराणीत एकच — "मनं एक काम बाकी शे." माझं एक काम राहिलंय. मला इतका राग आला होता! एका न आलेल्या विमानासाठी हा माणूस आम्हाला सोडून जाणार?

म्हणून मी आणि रफिकभाईंनी हार्वर्ड बनवलं. पंख दोन मीटर, रंग पिवळाधमक, नंबर नानांच्या आठवणीतला. वाटलं, ते उडताना-उतरताना पाहतील, मनावरचं ओझं जरा उतरेल, ऑपरेशनला हो म्हणतील. रफिकभाईंनी दोन बोटांएवढे ठोकळेही केले, त्यांना सुतळी बांधली. नानांनी विमान सगळीकडून पाहिलं, पोटाखाली बोट फिरवलं, बोट बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"व पोरी, तेल कथा शे?"

"नाना, तेल कुठलं, बॅटरीवर चालतं हे. यात तेल नसतं."

"हार्वर्डले तेल नही? मंग हाई खेळणं शे." खरं हार्वर्ड इतकं तेल गाळायचं म्हणे, की पोट कोरडं दिसलं तर मेकॅनिकच्याच पोटात गोळा यायचा.

जानेवारीतला शेवटचा रविवार. सोनगीरच्या अलीकडे एका ओळखीच्यांचं कापूस काढून झालेलं रान आहे. तिथे ट्रॅक्टरने फळी फिरवून आम्ही धावपट्टी केलेली. वारा पडलेला, ऊन मऊ, लांब किल्ल्याचा डोंगर धुरकट निळा दिसत होता. नाना प्लास्टिकच्या खुर्चीत. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी वाकून ठोकळे काढले, अंगठा वर केला आणि चक्क सॅल्यूट केला. रफिकभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

विमान काय सुंदर उठलं! दोन चकरा छान झाल्या. तिसऱ्या चकरेला माझ्या हातातल्या रिमोटला ते जुमानेना. चूक माझीच. आदल्या दिवशी मी विमानातला, रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर बदलला होता आणि सिग्नल तुटला तर मोटार आपोआप बंद व्हावी, ही सेटिंग करायची विसरले होते. नवशिके करतात तो गाढवपणा! विमान सरळ डोंगराकडे निघालं, ठिपका झालं, दिसेनासं झालं. बॅटरी होती आठ मिनिटांची.

आम्ही मोटारसायकलवर डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो. शेतं पाहिली, बाभळी पाहिल्या, एका मेंढपाळाला विचारलं. काहीच नाही. "ताई, जाने दो, दुसरं बनवू," रफिकभाई म्हणाले. मला विमानाचं काही नव्हतं हो... नानांसमोर पुन्हा एक हार्वर्ड गेलं आणि ते मी घालवलं, हे मला सहन होत नव्हतं.

परत आलो तर नाना तसेच खुर्चीत बसलेले. हातात ठोकळे, नजर डोंगरावर.

"नाना, चला घरी. ते पडलं असेल कुठेतरी."

"त्या दिन उठी गऊ. आज उठस नही."

मी रिमोट बंद करून पिशवीत टाकला आणि त्यांच्या पायाशी ढेकळांवर बसले. पोटभर रडले, लाज वाटली नाही. मग सगळं फार शांत झालं. पाखरंसुद्धा नव्हती. दुपारच्या झोपेतून अर्धवट जाग यावी तसं काहीतरी वाटत होतं, हातपाय जड आणि मन हलकं. आणि आवाज आला.

माझी मोटार शिट्टीसारखी वाजते, ती मी गुंडाळलेली आहे, हजारात ओळखेन. हा आवाज तो नव्हता. जाड, खरखरीत, मधूनच अडखळणारा. रफिकभाई म्हणाले, "ट्रॅक्टर आहे का?" डोंगरावर पिवळा ठिपका दिसला. तो किती लांब आहे, केवढा आहे, काही अंदाजच येईना. एक क्षण मला ते खरंखुरं मोठं वाटलं, काच चमकलेली दिसली. मग ते खाली आलं, पट्टीच्या बरोबर मध्ये टेकलं, धूळ उडवत वळलं आणि नानांकडे येऊ लागलं.

नाना उभे राहिले होते. गेल्या वर्षापासून ते काठीशिवाय उभे राहत नाहीत. दोन्ही हात वर करून ते विमानाला "ये, ये" करत होते. मग त्यांनी डोक्यावर मनगटं एकमेकांवर धरली. विमान थांबलं, पंखा थांबला. नाना गुडघ्यांवर बसले, एका चाकाला ठोकळा लावला, मग दुसऱ्या. विमानाच्या नाकावर हात ठेवून हळूच म्हणाले, "साहेब दमी गयात."

घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

व्हिडिओ का काढला नाही, हे प्लीज विचारू नका. फोन खिशात होता आणि आम्ही दोघं बाहुल्यांसारखे उभे होतो.

नंतर मी सगळं तपासलं. बॅटरी पार उतरलेली आणि थंडगार. माझी मोटारही थंड. पण विमानाच्या नाकाला हात लावला तर चटका बसला. गरम हवेच्या झोतावर मॉडेल बराच वेळ तरंगू शकतं, हे मला माहीत आहे, आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. वेळेचं मी तेवढ्यावर भागवलं असतं. पण मग पोटाखाली बोट फिरवलं. नाकापासून शेपटीपर्यंत तेलाचा काळा ओघळ होता, अजून ओला. पांढऱ्या चिंधीने मी तो पुसला. आयुष्यभर तेल, ग्रीस आणि वार्निशमध्ये हात घातलेत मी, पण हा वास माझ्या ओळखीचा नाही. चिंधी दुकानातल्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणाला यायचं असेल तर या, हुंगा, आणि समजलं तर मलाही सांगा. मी तर हात टेकले.

नानांना चिंधी दाखवली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, त्यात नवल ते काय असल्यासारखी. शिंदखेड्याला गाडीतून उतरताना म्हणाले, "चाल, कधी शे ते ऑपरेशन?"

ऑपरेशन होऊन आता महिना झाला, तब्येत बरी आहे. हे लिहिण्याआधी त्यांना विचारावं म्हणून आज फोन केला, दुपारचे अडीच वाजले होते. फोन काकूने उचलला, अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"मंग फोन कर बेटा," ती म्हणाली. "तुना नाना झोपेल शे."