बहिणीला न सांगितलेली गोष्ट

हजला निघालेला माणूस आधी दारोदार फिरतो आणि 'कहा-सुना माफ करा' म्हणतो. म्हणजे माझ्या बोलण्यानं तुमचं मन दुखलं असेल तर सोडून द्या. समोरचा 'माफ' म्हणतो, गळाभेट होते, चहा होतो. काय बोललास, कुणाजवळ बोललास, हे कुणी विचारत नाही आणि जाणाराही सांगत नाही. आमच्या चाचांनी ही रीत मोडली.

आम्ही पिंजारी. कोल्हापुरात कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला चाचांनी वाढवलं. शाळा मी तिसरीत सोडली, पण कापूस पिंजायच्या कमानीवर माझा हात त्यांच्यापेक्षा साफ बसायचा. हे मी नाही, ते म्हणायचे.

पन्नास सालानंतर कधीतरी त्यांचा हजला जायचा योग आला. निघण्याआधी सगळी गल्ली फिरले. शेजारी एक म्हशीवाला होता. त्याच्या म्हशीनं एकदा आमच्या अंगणातला कापूस खाल्ला होता आणि चाचांनी तिचा मोठ्यानं उद्धार केला होता. तो म्हणाला, "माझी माफी कशाला मागता, चाचा? शिव्या तुम्ही म्हशीला दिल्या की! गोठ्यात जावा. लाथ मारली तर समजा, न्हाय म्हणाली." चाचांसकट सगळे हसले.

तिथून ते माझ्या दुकानात आले, तेव्हा हसत नव्हते.

"बेटा, कहा-सुना माफ कर."

"माफ, चाचा. बसा, चहा सांगतो."

"चहा ऱ्हाऊ दे. आधी ऐक."

जुम्म्याच्या नमाजाआधीच्या बयानात मशिदीच्या पेशइमामांनी गीबतीबद्दल सांगितलं होतं. पाठीमागं माणसाची उणी गोष्ट बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. ज्याच्याबद्दल बोललं, त्यानं सोडल्याशिवाय ते सुटत नाही. चाचांच्या ते मनात रुतून बसलं होतं.

माझ्या बहिणीचं लग्न आधी गावातल्याच एका मोटार दुरुस्त करणाऱ्या पोराशी ठरत आलं होतं. मग ती माणसं एकाएकी गप्प झाली. आम्हाला वाटलं, त्यांना मोठ्या घरचं स्थळ मिळालं असेल.

"पोराच्या बापानं मशिदीच्या हौदापाशी मला इचारलं, पोरगी कशी हाय," चाचा म्हणाले. "मी म्हटलं, लाखात एक. मग बोलता बोलता म्हणून गेलो, झोपंत तेवढी वरडून उठती."

उठायची ती. आई गेल्यावर काही दिवस. पण ऐकणाऱ्यानं त्याचं 'अंगात काहीतरी आहे' केलं. पुढं गावातून कुणी विचारायलाच आलं नाही. शेवटी गारगोटीच्या एका बिजवराला दिली. त्याची थोरली मुलगी तिच्या खांद्याला लागत होती.

"मी खोटं बोललो न्हाय रे, बेटा."

"खोटं असतं तर तोहमत झाली असती. खरं होतं, म्हणूनच गीबत. पेशइमामांनी हेबी सांगितलं असंल की."

चाचांनी मान खाली घातली. "मग माफ कर."

"मी कोण माफ करणार? जिच्याबद्दल बोलला, तिच्याकडं चला."

ते म्हणाले, पेशइमामांना आपण बाजूला घेऊन विचारलंय. तिला ठाऊक नसेल आणि कळून दुखणारच असेल, तर सांगू नको म्हणाले. तिच्यासाठी दुआ कर, आणि वाईट बोललास तिथं जाऊन चांगलं बोल. मला ते पटलं नाही. मला ती चाचांची पळवाट वाटली. दुसऱ्या दिवशी मी चाचांना गारगोटीच्या मोटारीत बसवलं आणि शेजारी बसलो.

बहीण भाकऱ्या करत होती. चाचांना बघून उठली, चटई टाकली. चाचांनी हात जोडले. "बेटी, तुझ्याबद्दल मी एकदा..."

तिनं पिठाचा हात तसाच त्यांच्या तोंडावर ठेवला. दाढीला पीठ लागलं. "हजला निघालेल्या बापानं लेकीम्होरं हात जोडायचे नसतात. माफ. सगळं माफ. माझं कालवण करपलं तवा बोलला असाल, दुसरं काय?"

"तसं न्हाय, बेटी."

"सांगू नका, चाचा. सांगितलं की माझ्या डोक्यात बसंल."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. ते कचरले तर आपण सांगायचं, असं ठरवूनच मी गेलो होतो. आत तिचा नवरा खोकत होता. एवढ्या कमी वयात तिचे कानापाशी केस पांढरे झालेले. ती चाचांना म्हणाली, "येताना ह्यांच्यासाठी थोडं मक्केच्या जमजमचं पाणी आणा." मी सांगितलं असतं तर घर हेच राहणार होतं आणि खोकलाही हाच. फक्त हाताशी आलेलं दुसरं घर कुणाच्या बोलण्यानं गेलं, हे तिला कळलं असतं. मी चहा प्यालो आणि उठलो.

चाचा हाजी होऊन आले. त्यांच्या लेखी ते सुटले. माझ्या लेखी नाही. तिनं माफ केलं ते न ऐकता, मी तर ऐकलं होतं. त्यानंतर त्यांच्याशी मी कापसाचं आणि कामाचं तेवढं बोललो. कधी कधी ते माझ्याकडं बघत राहायचे. मी कमानीकडं बघायचो.

दर ईदला बहीण यायची ती आधी चाचांकडं, मग माझ्याकडं. "भाई, ज्यांनी वाढवलं त्यांच्याशी एवढी घमेंड? हाजी माणसाला तुम्ही सलामसुदिक नीट करत न्हाई." माझ्या बायकोजवळही हेच बोलायची. माझा स्वभाव तसा आहे, एवढंच मी म्हणायचो. तो आहेच.

चाचा गेले तेव्हा ती पहिल्या मोटारीनं आली आणि उंबऱ्यातच बसली. नवरा तोवर गेला होता. बायका जमल्या होत्या. माझा हात धरून म्हणाली, "भाई, आता मला बाप न्हाई. त्यांनी जन्मात कुणाचं वाईट केलं न्हाई. व्हय की न्हाई, सांगा की!"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"व्हय," मी म्हणालो, आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.