धबधब्याच्या वाटेवरचा एस्कॉर्ट

एकसष्ट साली आमच्या पलटणीला आफ्रिकेत जाण्याचा हुकूम आला. शांतिसेना म्हणून काँगोत जायचं, निळ्या रंगाची हेल्मेट घालायची, गोळी आली तरच गोळी झाडायची. मी तेव्हा हवालदार होतो. माझं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीजवळ. माझ्या सेक्शनबरोबर वायरलेस ऑपरेटर होता नाईक हुद्द्यावरचा सावळाराम पष्टे. तो मुरबाड तालुक्यातला, माळशेज घाटाच्या पायथ्याच्या एका पाड्यातला. आमची ओळख पलटणीतच झाली. मी पाच वर्षांनी मोठा, म्हणून तो मला दादा म्हणायचा. त्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती.

मुंबईहून बोटीने दार-ए-सलाम, तिथून विमानाने काँगोच्या दक्षिणेला, तांब्याच्या खाणींच्या एका शहरात आम्ही उतरलो. विमानातून एक तळं दिसलं. तळं म्हणजे काय, त्याचा पलीकडचा काठच दिसेना. सावळाराम खिडकीला नाक लावून बसला होता. म्हणाला, "दादा, एवढं पाणी नि लाट नाय."

तिथं बघण्यासारखं खूप होतं, हे मी नाकारत नाही. खाणीचा खड्डा इतका मोठा, की तळाशी चालणारे ट्रक आगपेटीएवढे दिसायचे. रस्त्याच्या कडेला जांभळ्या फुलांची झाडं होती. माळावर दोन पुरुष उंचीची वारुळं होती, लांबून झोपड्याच वाटायच्या. बाजारात बायका पाठीला पोर बांधून सुकी मासळी विकायच्या. सावळारामने त्यांच्याकडून पन्नासेक स्वाहिली शब्द उचलले. लोक साधे, कष्टाळू होते. भांडण करणारे दुसरेच होते आणि त्यांच्या हातात बंदुका होत्या.

रोजचं काम ठरलेलं होतं. सकाळी सहाला फॉलिन म्हणजे रांगेत हजेरी, सातला पेट्रोल म्हणजे गस्त, दुपारी हत्यारांची सफाई, संध्याकाळी गार्ड. चार महिने असे गेले. आमच्या कंपनीतला एकही माणूस जखमी झाला नव्हता.

मग हिंदुस्थानातून एक पाहुणे आले. मोठ्या हुद्द्यावरचे, फौजेतले नव्हेत. त्यांचं नाव मी लिहीत नाही, आमच्या मेजरसाहेबांचंही लिहीत नाही. लिहिलं तर लोक नावाची चर्चा करतील आणि त्यांनी काय केलं ते बाजूला राहील. पाहुण्यांकडे सिनेमाचा कॅमेरा होता. शहरापासून साठ मैलांवर एक प्रसिद्ध धबधबा आहे, तो त्यांना बघायचा होता. बघायचा होता म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा होता.

शनिवारी दुपारी मेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"उद्या सहाला एक जीप, एक वन-टन ट्रक. तुझं सेक्शन आणि एक वायरलेस सेट."

मी म्हणालो, "सर, ख्रिस्ती मिशनच्या पुढचा रस्ता चार दिवस चेक झालेला नाही. कालच्या पेट्रोलला तिकडे हत्यारबंद माणसं दिसली."

"पाहुण्यांकडे एकच दिवस आहे, हवालदार."

"सर, आर्मर्ड कार मिळेल का?"

"पिकनिकला आर्मर्ड कार लागत नाही. डिसमिस."

मी सॅल्यूट ठोकून बाहेर आलो. आता वाटतं, तिथंच उभं राहायला हवं होतं. पण हवालदार उभा राहत नाही. त्याला तसं शिकवलेलंच नसतं.

रविवारी सहाला निघालो. जीपमध्ये ड्रायव्हर, मेजरसाहेब आणि पाहुणे. वन-टनमध्ये ड्रायव्हर, मी, सावळाराम आणि सहा जवान. सेट वन-टनच्या मागच्या भागात स्क्रूने पक्का बसवलेला होता. साडेआठला मिशनपाशी थांबलो. तिथं चर्चमध्ये शिकवणारा एक म्हातारा काँगोली बाहेर आला आणि सावळारामशी बोलला.

सावळाराम मला म्हणाला, "दादा, रस्ता वाईट आहे म्हणतो. दोनदा म्हणाला."

मी ते मेजरसाहेबांना सांगितलं. पाहुणे हसले. म्हणाले, "रस्ता तर उत्तम आहे, एक खड्डा लागला नाही."

दहा चाळीसला धबधब्यावर पोचलो. पाणी सरळ कड्यावरून खाली पडत होतं, तळाला पोचण्याआधीच त्याचं धुकं होत होतं. मला तो सुंदर वाटला, हे कबूल करतो. सावळाराम सेट सोडून खाली उतरला नाही. मी म्हणालो, "बघून ये दोन मिनिटं." तो म्हणाला, "पावसात आमच्या घाटात असे खूप पडतात. बेस कॉल करेल, मी इथंच बरा."

पाहुण्यांचं शूटिंग दीड तास चाललं. मग मेजरसाहेबांनी त्यांना सांगितलं, की परतताना वाट थोडी वाकडी केली तर एक गाव लागतं, तिथं लाकडी मुखवटे घालून नाचतात. झालं. आल्या वाटेने परतायचं सोडून आम्ही दुसऱ्या वाटेला लागलो.

एक वीसला सेट बोलला. बेसवर ड्यूटीला सुभेदारसाहेब होते. आवाज मी स्वतः ऐकला.

"रुको. आगे रोड क्लियर नहीं है. वहीं रुको, पेट्रोल आ रहा है. ओव्हर."

आम्ही गाड्या थांबवल्या. मी जीपपाशी जाऊन निरोप सांगितला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मेजरसाहेब म्हणाले, "बोल दो, आवाज़ साफ़ नहीं आया."

सावळारामने गाडीतूनच उत्तर दिलं, "सर, आवाज साफ आहे."

"नाईक, हुकूम ऐकलास?"

"जी सर."

त्याने सेटवर काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण लॉगबुकात वेळ घालून पूर्ण निरोप लिहिताना मी त्याला पाहिलं. रस्त्यावर थांबणारा पहिला माणूस मी असायला हवा होतो. मी चढलो आणि ड्रायव्हरला चल म्हणालो.

एक पस्तीसला नाल्यावरची लाकडी मोरी लागली. मोरीपलीकडे झाड आडवं टाकलेलं होतं. डाव्या हाताला पाच वारुळं होती आणि फायर त्यांच्यामागून आला. जीपच्या ड्रायव्हरच्या दंडाला गोळी लागली. पाहुणे जीपखाली शिरले. आम्ही उड्या टाकून मोरीच्या नाल्यात पोझिशन घेतली.

सावळाराम उतरला नाही. मी ओरडलो, "पष्टे, खाली ये."

"दादा, सेट गाडीला बसवलाय. मी उतरलो तर बोलणार कोण?"

एवढंच बोलणं झालं. नंतर त्याचा आवाज येत होता तो सेटवरचा. नकाशावरची जागा, फायर कुठून येतोय, किती माणसं. सावकाश, ट्रेनिंगमध्ये बोलतात तसा. ताडपत्रीला भोकं पडत होती. एक पन्नासला त्याने सांगितलं, की त्याला लागलंय, आणि पुन्हा जागा सांगितली. एक अठ्ठावन्नपर्यंत आवाज येत होता. दोनला आर्मर्ड कार आल्या आणि वारुळांमागची माणसं पळाली.

तो सेटला टेकून बसलेला होता. एक गोळी बरगडीत आणि एक मानेत. हेडफोन कानावर होता. मी काढला.

आम्ही अकरा माणसं जिवंत होतो, ती त्याच्यामुळे. त्या अकरा जणांत पाहुणेही होते. आर्मर्ड कारमध्ये बसताना ते जे बोलले, ते मी अक्षर न बदलता सांगतो. "माझा कॅमेरा जीपमध्ये राहिला." मेजरसाहेबांनी एका जवानाला तो आणायला धाडलं. आम्ही तेव्हा सावळारामला ब्लँकेटमध्ये गुंडाळत होतो.

सोमवारी नऊ वाजता मला ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं, जवानांच्या विनंतीवरून काढलेली करमणुकीची सहल, परतताना अचानक गोळीबार. पाहुण्यांचा उल्लेख नव्हता. बेसच्या निरोपाचा नव्हता.

मी विचारलं, "सर, लॉगबुक?"

"गोळीबारात जळालं."

काहीही जळालं नव्हतं. निरोप देणारे सुभेदारसाहेब बाजूलाच उभे होते.

मेजरसाहेब म्हणाले, "एस्कॉर्ट कमांडर तू होतास. चौकशी झाली तर पहिला तू उभा राहशील. सही कर."

मी सही केली. ती जबरदस्तीने घेतली, असं मी म्हणणार नाही. हात माझा होता.

पुढच्या वर्षी सुटीवर गावी आलो. शाळेचे हेडमास्तर घरी आले. म्हणाले, "आमच्या भागातला कोणी एवढ्या लांब गेलेला नाही. आफ्रिका खंडातली प्रेक्षणीय स्थळं, यावर बोला." मी बोललो. तासभर बोललो. तळं, खाण, जांभळी झाडं, बाजार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हत्तींविषयी विचारलं, तेही सांगितलं.

सभा संपल्यावर एक बाई आणि तिच्यामागे एक म्हातारा असे दोघे दारात थांबले. माझ्या भाषणाचं कानावर आलं म्हणून मुरबाडच्या बाजूने पहाटे निघून आले होते.

"तुमीच काय ते दादा? घरच्या कागदात तुमचं लय लिवायचे." ती सावळारामची बायको, चंद्राबाई. म्हातारा त्याचा बाप.



ती म्हणाली, "तुमी सगलं सांगलं. त्या पान्याचं कायच नाय सांगलं."

"कुठल्या पाण्याचं, वहिनी?"

"जं बघाया आमचा मानूस गेल्ता. सरकारी कागदात लिवलंय, सहलीला गेल्ता म्हून. गावात बोलतान, बाकीचे लढाया गेले नि ह्यो फिराया. ह्ये माजे सासरे चावडीवर बसाया जात नाय आता. मना सांगा, लय मोठं हाय का तं पानी?"

मी दोघांना शाळेमागे नेलं आणि सगळं सांगितलं. वेळेसकट. सहीसकट. चंद्राबाई रडली नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ह्ये मगाशी त्या लोकांम्होरं का नाय सांगलं?"



तिसऱ्या दिवशी मी युनिफॉर्म घालून त्यांच्या पाड्यावर गेलो. चावडीपुढे माणसं जमवली आणि उभ्यानेच रिपोर्ट दिला. किती वाजता काय झालं, कोणी काय हुकूम दिला, सावळाराम कुठं बसला होता, कागदावर सही कोणाची आहे. जे फिरायला गेला म्हणत होते, तेही तिथं होते.

बोलून झाल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "सही तुमीच केलीत?"

"मीच केली."

"तो गारीतून उतरला नाय, नि तुमी कागदावर उतरलाव." तो उठला. "सांगलंत ते बरं केलंत. आता माज्या दारात येव नका."

त्याचं बरोबर होतं. मी परत त्या दारात गेलो नाही.

सुटीवरून परतल्यावर मी खरा रिपोर्ट लिहून वर पाठवला. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, प्रकरण बंद झालेलं आहे. त्यानंतर मला बढती मिळाली नाही. मेजरसाहेबांना मिळाली. सदुसष्टला मी हवालदार म्हणूनच पेन्शनीत निघालो. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

अजूनही लोक विचारतात, आफ्रिकेत बघण्यासारखं काय आहे. मी त्यांना एका कच्च्या रस्त्यावरची लाकडी मोरी सांगतो. डाव्या हाताला पाच वारुळं आहेत, समोर माळ. तिथं कोणी फोटो काढायला थांबणार नाही. त्या मोरीपाशी नाईक सावळाराम पष्टे दुपारी एक पस्तीसपासून एक अठ्ठावन्नपर्यंत ड्यूटीवर होता.