टाचणी टोचली तेव्हा

डॉक्टरांनी टाचणी टोचली, मला काही कळलं नाही, तरी मी "आई गं!" म्हणून ओरडले. आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण पहिला नंबर याचाच... भुताखेतांच्या गोष्टींना मी आजही हसते. तरी हे लिहिते आहे.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. भिवंडीत आमची एक खोली, भिंतीपलीकडेच कापड विणायच्या लूमचा कारखाना. आमचे हे तिथेच कामाला. दिवसभर खडाखडा. मी एकोणीस वर्षांची – तोंडाने तिखट, डोक्याने रिकामी.

एका दुपारी तांदूळ निवडताना तो आवाज एकदम बंद झाला. वाटलं, लाईट गेली. पण बल्ब चालूच, आणि सुपातल्या तांदळाचाही आवाज नाही! आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं लाकडासारखी... थोड्या वेळाने आवाज परतला. पुढे तो असाच जायचा-यायचा; बोटं मात्र मेली ती मेलीच.

गल्लीतल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. सासूबाईंनी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात हात बुडवला. मनगट पोळलं, बोटांना पत्ता नाही!

शेवटी हे म्हणाले, "ठाण्याला नेतो. मोठा डॉक्टर हाय."

ठाणं! आमच्या गावात ठाण्याला नेलं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. बस सुटेपर्यंत रडले. डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा, टोचलं की सांगा." मी पापण्यांच्या फटीतून टाचणी बघत ओरडत राहिले. आवाज जातो-येतो याचं तर नावच काढलं नाही. "नसा ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. हे इतके खूश, की स्टँडवर भजी खाऊ घातली.

आठ दिवसांनी ह्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले. दारातच आवाज बंद. सगळे लूम हलताहेत, माणसं बोलताहेत, कशाचाच आवाज नाही. हे माझ्याकडे बघून तोंड उघडत होते. मला वाटलं, हसताहेत. मीही हसले...

त्यांचा उजवा हात लूमच्या पट्ट्यात गेला होता. स्विच माझ्या शेजारी होता. "बंद कर" म्हणून ओरडत होते.

ह्यांची मधली तीन बोटं गेली. माझी त्याच संध्याकाळी जागी झाली. तो आवाजही पुन्हा कधी गेला नाही. नंतर दोन डॉक्टरांना खरं सांगितलं. एक म्हणाले, मनावरचा ताण. दुसऱ्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. मला अजून उलगडा नाही.

ह्यांना मात्र इस्पितळातच सगळं सांगितलं, टाचणीसकट. डाव्या हातानं त्यांनी माझी तिन्ही बोटं एकेक दाबून पाहिली, मग करकचून चिमटा काढला.

"आई गं!"

"आता खरी ओरडलीस," हे म्हणाले. "चल, भाकरी मोड. माझ्यानं न्हाय व्हायची आता."