न मोडलेली शेपटी

रोज सकाळी चहा ओतण्याआधी एसेनकुल आपला पियाला, चहाचा बिनकानाचा वाडगा, डाव्या तळहातावर ठेवायचा आणि उजव्या हाताच्या नखाने त्याला टिचकी मारायचा. नाद स्वच्छ आला तर पियाला बायकोपुढे करायचा. जरा बद्द वाटला तर उजेडाकडे धरून तडा शोधत बसायचा. तोवर चहा निवून जायचा.

"म्हाताऱ्या, पियालाच आहे तो," बुरुल म्हणायची. "त्यात बसून तुला कुठे उडायचं नाहीये."

एसेनकुल हसायचा, पण टिचकी सोडायचा नाही. उभं आयुष्य त्याने तडे शोधण्यात घातलं होतं. तलासच्या खोऱ्यात शेतांवर औषध फवारणारी जुनी, दुपंखी विमानं होती, त्यांचा तो मेकॅनिक. विमानतळ म्हणजे एक सपाट माळ आणि एक पत्र्याची शेड. ओस्कोन तिथला वैमानिक. वयाने थोडा मोठा, म्हणून एसेनकुल त्याला 'बायके' म्हणायचा, थोरला भाऊ. ओस्कोन त्याला 'इनिम' म्हणायचा, धाकटा.

उड्डाणाआधी वैमानिकाने विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासायचं, असा नियम होता. ओस्कोनने ती फेरी कधी मारली नाही. एसेनकुलने विमानाच्या अंगावर थाप मारून "तयार" म्हटलं की तो सरळ वर चढायचा. मेकॅनिक समोर उभा असताना त्याचं काम तपासत फिरणं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं, असं त्या माळावर सगळेच मानायचे. एसेनकुलला या गोष्टीचा अभिमान होता. बाकी कशाचा फारसा नव्हता.

मग जुना देश मोडून नवा झाला, विमानं विकली गेली, शेडचा पत्रा कोणीतरी नेला. माळावर लोक घेवड्याच्या शेंगा वाळत घालू लागले. दोघेही म्हातारे झाले. आणि एका वसंतात शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी जिपार त्याच माळावर थर्माकोलचं विमान घेऊन आली.

छताला चिकटवायच्या पातळ थर्माकोलच्या फरश्या मिळतात, त्या कापून तिने ते घरी बनवलं होतं. नाकात छोटी मोटर, पोटात बॅटरी, हातात रिमोट. ते तीन वेळा उडालं आणि तीन वेळा आपटलं. साठवलेला घेवडा चाळणाऱ्या बायका हसून बेजार झाल्या. ओस्कोन मात्र आपली टोपी मागे सारून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "पोरी, जरा दे बघू इकडे."

त्या दिवसापासून शनिवार ठरून गेला. ओस्कोन उडवायचा, जिपार उडवायची, एसेनकुल दुरुस्त करायचा. रिमोट त्याने कधी हातात घेतला नाही. "मी जमिनीवरचा माणूस," तो म्हणायचा.

थर्माकोल कसा मोडतो ते त्याने लवकरच ओळखलं. पंखाच्या पुढच्या कडेवर तो तंतूंची टेप ताणून बसवायचा. पोटात कबाबाच्या बांबूच्या काड्या तिरक्या खुपसायचा. पंख मात्र चिकटवायचा नाही, रबरबँडनी बांधायचा, म्हणजे आपटल्यावर पंख सुटून बाजूला पडतो, मोडत नाही. हे त्याला जिपारने सांगितलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडलं होतं.

अडचण एकच होती, ओस्कोनची शेपटी. ती जुनी विमानं शेपटी खाली टेकवून उतरायची, आणि ओस्कोनच्या हातांना दुसरं उतरणं ठाऊकच नव्हतं. थर्माकोलचं विमानही तो तसंच उतरवायचा. पंखामागचा बारीक भाग दर शनिवारी मोडायचा.

"बायके, तुमचं विमान पाल आहे का हो?" जिपार म्हणायची. "धोका दिसला की शेपूट टाकतं."

"हस, हस," ओस्कोन म्हणायचा. पण त्या उन्हाळ्यात त्याचं हसणं थोडं उशिरा यायचं. त्याची बोटं मधूनच थरथरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, लक्ष ठेवा. तेव्हापासून तो स्वतःच्या हातांवर नको तितकं लक्ष ठेवून होता. एकदा परतताना त्याने एसेनकुलला हळूच विचारलं, "शेपटी माझ्या हातांमुळे मोडत नाही ना रे?"

"थर्माकोलमुळे मोडते," एसेनकुल म्हणाला. "मी बघतो तिच्याकडे."

आणि त्याने बघितलं. गळ टाकायच्या जुन्या काठीचा लांब तुकडा शेपटीच्या कण्यात बसवला. वरून गॉजचं कापड पांढऱ्या गोंदात बुडवून गुंडाळलं. त्यावर टेप. मग मन भरेना म्हणून आणखी एक थर. शेपटी टेबलावर आपटून पाहिली तर टेबल वाजलं. तिच्यावरून अंगठा फिरवताना त्याला फार दिवसांनी काहीतरी नीट झाल्यासारखं वाटलं.

उडवण्याआधी विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून बघायचं असतं. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक, शेपटी खाली गेली तर त्याला उडवू नये. एसेनकुलने घरी तोलून बघितलं. शेपटी खाली गेली. पण बॅटरी ओस्कोनच्या घरी होती. ती नाकापाशी बसली की होईल सारखं, असं त्याने स्वतःला सांगितलं. माळावर बॅटरी घालून पुन्हा तोलायचं त्याने ठरवलंही होतं.

माळावर त्या दिवशी गर्दी होती. शेजारच्या लग्नाला आलेली पाहुणेमंडळी उभी होती, ओस्कोनचे जुने ओळखीचेही होते. ओस्कोनने बॅटरी घातली. जिपारने सवयीने दोन बोटं पुढे केली.

"ठेव खाली," एसेनकुल म्हणाला. का म्हणाला, ते त्याला नंतर कितीतरी दिवस कळलं नाही. पाहुणे बघत होते, एवढंच खरं. "माझ्या हातातून आलंय ते."

"बघ, बाईसाहेब," ओस्कोन खूश होऊन पाहुण्यांकडे वळला. "या माणसाच्या हातचं विमान मी जन्मात तपासलेलं नाही. म्हणून तर जिवंत आहे."

एसेनकुलने थर्माकोलवर थाप मारली. "तयार."

विमान हातातून सुटलं आणि नाक वर करून चढत गेलं. ओस्कोनने रिमोटची काडी पुढे दाबली, तसं ते खाली डोकावलं आणि आधीपेक्षा जास्त उसळलं. पुन्हा दाबली, पुन्हा उसळलं. मग हवेत उभंच राहिलं, क्षणभर, विचारात पडल्यासारखं, आणि कलून माळालगतच्या रस्त्याच्या डांबरावर पडलं. नाकाचा चुरा झाला. पंख दुभंगला. शेपटी होती तशी राहिली.

पाहुण्यांपैकी कोणीतरी चुकचुकलं. ओस्कोनने रिमोट जिपारच्या हातात दिला आणि आपले हात पालथे, उताणे करून पाहिले.

"गेले," तो म्हणाला. "चला. एक दिवस जायचेच होते."

"वारा होता, बायके," जिपार म्हणाली.

"वारा मला शिकवू नकोस."

एसेनकुल रस्त्यावर वाकून तुकडे गोळा करत होता. त्याने शेपटी उचलली. तिचा भार हाताला लागताच त्याला सगळं समजलं. वळून सांगायला चार शब्द पुरले असते. त्याने तुकडे पिशवीत भरले.

घरी जाऊन त्याने शेपटी चुलीत घातली. काळा धूर घरभर झाला. बुरुल खोकत, शिव्या घालत खिडक्या उघडत राहिली. "बाहेर जाळता येत नव्हतं? कसली एवढी घाई?"

नंतरच्या शनिवारी ओस्कोन आला नाही. त्याने गाडीची चावी जावयाला देऊन टाकल्याचं कळलं. मग बाजारात दिसायचा बंद झाला. एसेनकुल त्याच्याकडे जायचा, समोर बसायचा. सांगायचं ठरवून गेलेला असायचा. ओस्कोनची बायको चहा ओतायची आणि ओस्कोन पियाला दोन्ही हातांनी धरून, लहान मुलासारखा जपून प्यायचा. ते बघितलं की एसेनकुल हातातला नान तसाच खाली ठेवायचा. तो घेवड्याच्या भावाबद्दल बोलायचा आणि घरी यायचा. त्याला जेवण जाईना.

"ओस्कोनबायकेंचं काही दुखणं-बिखणं आहे का?" बुरुलने विचारलं.

"माझं आहे," तो म्हणाला आणि तिला सगळं सांगितलं.

बुरुल बराच वेळ कणीक मळत राहिली. "मग मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "माझे हात ठणठणीत आहेत."

दुसऱ्याच दिवशी त्याने ओस्कोनला सांगितलं. शेपटी, काठी, गोंद, बॅटरीशिवाय तोललेलं, जिपारला अडवलेलं, सगळं. ओस्कोनने ऐकून घेतलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इनिम, तू मेकॅनिक चांगला आहेस. थापाड्या मात्र भिकार."

"थाप नाही मारत, बायके."

"बरं, मग आण ती शेपटी. दाखव."

"जाळली," एसेनकुल म्हणाला.

"जाळली!" ओस्कोन मायेने हसला. "चहा पी. माझ्यासाठी तू खोटं बोलायला तयार आहेस, हे बघून बरं वाटलं हो."

त्या मायेने एसेनकुलची जी अवस्था झाली ती कुठल्याही शिवीने झाली नसती. तो तिथून उठला तो थेट जिपारकडे गेला.

"तुझ्यासाठी एक विमान बनवतोय," तो म्हणाला. "ते पडणार आहे. सगळ्यांसमोर पाडायचं."

"मुद्दाम वाईट विमान?" जिपारने चष्मा वर केला. "बायके, तुम्ही? ताप आहे का?"

त्याने तिलाही सांगितलं. ती थट्टा करायची थांबली. चष्मा पुसत म्हणाली, "मी बोटं पुढे केली होती. मीही मागे घ्यायला नको होती."

"ते माझ्यावर राहू दे," एसेनकुल म्हणाला.

त्याने तशाच फरश्या कापल्या. गळाच्या काठीचा उरलेला तुकडा घातला, तितकंच गॉज, तितकाच गोंद, वर दोन थर टेप. इतक्या मन लावून त्याने चुकीचं काम आयुष्यात केलं नव्हतं. शनिवारी ओस्कोनला जवळजवळ ओढत माळावर आणलं. घेवडा चाळणाऱ्या बायका होत्या, ओळखीची माणसं होती. एसेनकुलने बॅटरी बसवली आणि विमान ओस्कोनपुढे धरलं. "तोल."

ओस्कोनने दोन बोटं पंखांखाली दिली. शेपटी खाली गेली. त्याने विमान जिपारकडे दिलं.

जिपारचे हात तरुण होते, स्थिर होते. विमान नाक वर करून चढलं, डोकावलं, उसळलं, पुन्हा उसळलं. तिने जे जे करता येईल ते केलं. ते हवेत उभं राहिलं आणि कलून पडलं. बायकांपैकी एकही हसली नाही.

ओस्कोन चालत गेला, शेपटी उचलून परत आला.

"महिनाभर," तो म्हणाला, "मी माझ्या घरात चहा दोन्ही हातांनी प्यायलो. तू समोर बसून बघत होतास."

"हो."

"पडलं त्याचं काही नाही. विमानं पडतात." त्याने शेपटी एसेनकुलच्या हातात दिली. "पण तू बघत होतास."

तो एकटाच रस्त्याला लागला. एसेनकुल मागे गेला नाही. आपल्याला मागे जायचा हक्क नाही असं त्याला वाटलं.

थंडी पडायच्या सुमारास ओस्कोनने जावयाकडून चावी परत घेतली. माळावरही येऊ लागला. एसेनकुलशी पूर्वीसारखाच बोलायचा, टोमणे मारायचा, त्याच्याकडूनच पंख दुरुस्त करून घ्यायचा. फक्त उडवण्याआधी प्रत्येक वेळी विमान दोन बोटांवर तोलायचा, एसेनकुलच्या डोळ्यांसमोर, सावकाश. एसेनकुल दर वेळी नजर खाली न घालता ते बघायचा. तेवढं त्याने स्वतःला लावून घेतलं होतं. थाप मारणं आणि "तयार" म्हणणं त्याने सोडून दिलं. शेपट्या तो आता हलक्या करायचा. त्या मोडायच्या आणि तो पुन्हा जोडायचा.

पुढच्या वसंतात त्याची छाती दुखू लागली. तो दिवस दिवस खिडकीपाशी पडून असायचा. एका दुपारी ओस्कोन आला, शेजारी बसला, खताबद्दल आणि जावयाबद्दल खूप वेळ बोलला. एकदा बोलता बोलता थांबून म्हणाला, "ती गोष्ट तू अजून मनात धरून बसलायस का रे?" एसेनकुलने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. ओस्कोनने पुन्हा खताचा विषय काढला. थोड्या वेळाने तो उठला आणि दाराशी बूट शोधू लागला.

एसेनकुलने स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवली. "बुरुल," तो म्हणाला, "बायकेंना जेवल्याशिवाय सोडू नकोस. रस्सा अजून गरम असेल."